भातखंडे लिपी मोडीत काढा म्हणे!

काळी_चार (कळवा): कालच्या पोस्टमध्ये एक पालक लिहितात, भातखंडे लिपी (सारेगम अक्षरांत गाणं लिहायची पं. भातखंड्यांची पद्धत) मोडीत काढा, मुलांना थेट पाच रेघांचं स्टाफ नोटेशन शिकवा, ते जगभर चालतं. वाचून डोकंच फिरलं. माझ्या क्लासमधली एक मुलगी पांढरी पाचमध्ये गाते, तिचा भाऊ काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर सा धरून. दोघांना एकच कागद पुरतो, सा कुठेही धरा. स्टाफवर पट्टी बदलली की सगळी बंदिश नव्याने लिहायची. आणि समेची (तालाच्या पहिल्या मात्रेची) फुली, खालीचं (टाळी न देता हात मोकळा सोडायच्या मात्रेचं) शून्य? त्रितालाच्या सोळा मात्रा चार-चारच्या घरांत बसतील हो, पण नववीवर खाली आहे हे गाणाऱ्याला कळणार कसं?

घोडबंदर_पियानो: पोस्ट माझीच. मुलगा पियानोच्या ग्रेड परीक्षेला बसतोय. उजव्या हाताला चाल, डाव्या हाताला कॉर्ड. एकत्र वाजणारे तीन स्वर एकावर एक रचलेले दिसतात. सारेगममध्ये हे इतकं स्वच्छ लिहून दाखवा, मग बोलू.

वाशी_संवादिनी: आधी घरातलं भांडण मिटवा. स्वराच्या डोक्यावरचं टिंब पलुस्कर पद्धतीत (ही आपली दुसरी सारेगम लिपी) मंद्र म्हणजे खालचं सप्तक, भातखंडे पद्धतीत तार म्हणजे वरचं! एका विद्यार्थिनीने आजोबांची जुनी, पलुस्कर लिपीतली वही आणली आणि मंद्र निषाद तारसप्तकात वाजवत बसली.

ठेका_नौपाडा: खरा रोग व्हॉट्सॲपवरची नोटेशन्स. कोमल (उतरलेल्या) स्वरांच्या खालच्या रेघा उडवून लोक बिनदिक्कत पुढे पाठवतात. गणपतीत सोसायटीत भीमपलास रागातलं भजन बसवत होतो. फोनवर आरोह आला 'नि सा ग म प नि सां'. पेटीवाल्याने कोमल ग, नि शुद्ध धरले. झाला की तिलंग, दुसराच राग! गाणारी बाई रडकुंडीला आली.

वाशी_संवादिनी: अनुदात्ताची खूण (अक्षराखालची आडवी रेघ) लावून ग॒ लिहिता येतो. निव्वळ आळस.

ठेका_नौपाडा: माझ्या मोबाइलच्या कीबोर्डवर ती खूण नाही. आळशी कुणाला म्हणता? हाताने लिहा, फोटो पाठवा, एवढंच मागतोय.

ऐरोली_आकार: कागदच कशाला? दरबारी रागाचा आंदोलित (हळू झुलणारा) गंधार कुठल्या रेघेत मावतो? गुरूसमोर बसा.

काळी_चार (कळवा): ज्यांना गुरू मिळाला त्यांनी हे बोलणं सोपं आहे. माझ्या आईला घरून क्लासला जाऊ देत नव्हते, ती भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांवरून शिकली. भातखंड्यांनी घरंदाज गायकांकडून बंदिशी मिळवून छापल्या नसत्या, तर तिच्या हाती काय लागलं असतं? आंदोलन कागदावर येत नाही हे तिलाही कळत होतं, रेडिओ ऐकून तिने ते गळ्यात आणलं.

ऐरोली_आकार: आईंबद्दल आदर आहे. पण सांगाड्याला गाणं म्हणू नका.

काळी_चार (कळवा): म्हटलंच नाही. आणि घोडबंदर, पियानोला स्टाफच, हे मान्य. पण तुम्ही सरसकट 'मुलांना' लिहिलंत.

घोडबंदर_पियानो: बरं, 'पियानो शिकणाऱ्या मुलांना' असं करतो. खालीचं शून्य मात्र स्टाफच्या वर पेन्सिलीने लिहिता येतं, तेवढ्यासाठी लिपी नाकारू नका.

ठेका_नौपाडा: ग॒ टाइप होणारा कीबोर्ड कुणाकडे असेल तर नाव सांगा. नवरात्राच्या तालमी तोंडावर आल्यात.