मागणीप्रमाणे सुऱ्या घडवण्याच्या कामातून पोटापाण्याचा धंदा उभा राहू शकतो का?

भट्टी_लालबाग
नमस्कार. मी महापे येथील एका टूलरूममध्ये (साचे आणि अवजारे बनवणाऱ्या विभागात) नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी मागणीप्रमाणे स्वयंपाकघरातील सुऱ्या घडवतो. ईएन-३१ पोलादाची पट्टी कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आणतो, घासकाम डोंबिवलीला भावाच्या अंगणातील बेल्ट ग्राइंडरवर करतो आणि हार्डनिंग (पाते तापवून कडक करण्याचे काम) बाहेरून करून घेतो. एक सुरी साधारण ३,५०० रुपयांना जाते. ओळखीतून मागणी भरपूर येते, पण हाती फारसे काही उरत नाही. प्रत्येकाला वेगळा आकार आणि वेगळी मूठ हवी असते, आणि तशी घडवून देण्यातच मला खरा आनंद वाटतो. हे काम पूर्ण वेळ करायचे झाल्यास दर कसा ठरवावा, गाळा कधी घ्यावा आणि कायद्याच्या दृष्टीने काय सांभाळावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

वालीव_वर्कशॉप
आपला प्रश्न दराचा वाटतो, पण मुळात तो तासांचा आहे. एका सुरीला पोलाद ३०० रुपये, मूठ आणि ती बसवण्याच्या पिना २५०, ग्राइंडरचे बेल्ट ३००, हार्डनिंग १५० आणि खोका-पॅकिंग १५० धरले, तर साहित्याचेच १,१५० रुपये होतात. आकार नवा असल्यामुळे सात तास लागले आणि तासाला ३०० रुपये मजुरी धरली, तर आणखी २,१०० रुपये. म्हणजे ३,५०० मधून २५० रुपये उरतात, आणि वीज, यंत्राची झीज, वाया गेलेले पाते हे सगळे त्यातूनच भागवायचे आहे. आपण स्वतःला पगार देत आहात. धंद्याला अजून काहीच मिळालेले नाही.

यावर माझ्या मते उपाय एकच आहे. तीन-चार आकार कायमचे ठरवा आणि पाती एकेक न करता एका वेळी दहा-बारा घ्या. पट्टीवर लेझर कटिंग करून घेतले की सुरुवातीचे कापकाम वाचते. मात्र लेझरने कापलेली कड कडक होते, त्यामुळे पिनांची भोके लेझरनेच योग्य मापाची काढून घ्यावीत. नंतर त्यात ड्रिल घालायला गेलात तर ड्रिलची धारच जाते. हार्डनिंगवाले बहुधा किलोवर दर लावतात आणि काही किमान रक्कम घेतातच, म्हणून एकटे पाते पाठवणे नेहमीच महाग पडते. तास सातावरून चारावर आले, तर त्याच ३,५०० रुपयांत १,१५० रुपये सुटतात. ग्राहकाला निवड मुठीच्या लाकडात द्या, पात्याच्या आकारात देऊ नका. ज्याला पूर्णपणे वेगळी सुरी हवी असेल त्याच्यासाठी दुप्पट दर आणि निम्मी रक्कम आगाऊ असा नियम ठेवा, आणि ओळखीच्या माणसासाठीही तो मोडू नका.

तवा_माहीम
मी हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करतो, त्यामुळे घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो. सुरी पहिल्यांदा हातात घेतल्यावर आम्ही नक्षी बघत नाही, धारेच्या लगेच मागची जाडी बघतो. ती जास्त राहिली, तर कितीही तिखट धार लावलेली असली तरी गाजर कापले न जाता तडकते. दुसरी गोष्ट गंजाची. ईएन-३१ मध्ये क्रोमियम दीड टक्क्याच्या आसपास असते, म्हणजे ते स्टेनलेस नाही. मुंबईच्या पावसाळ्यात लिंबू किंवा कोकम लागलेली सुरी ओट्यावर तशीच राहिली तर जेवणे उरकेपर्यंत तिच्यावर डाग उमटतात. हे विकतानाच स्पष्ट सांगा, आणि कसे पुसायचे, कोणते तेल लावायचे हे मराठीत छापलेले कार्ड खोक्यात घाला. ज्यांना ही निगा जमणार नाही, त्यांच्यासाठी एक आकार स्टेनलेसमध्ये ठेवा.

माझी मुख्य सूचना मात्र धार लावून देण्याची सेवा सुरू करण्याची आहे. रस्त्यावरचा धारवाला चाकावर पाते तापवतो आणि पोलाद भराभर खातो, त्यामुळे चांगली सुरी त्याच्याकडे द्यायला जीव होत नाही. दादर ते वांद्रे पट्ट्यातील हॉटेलांच्या सुऱ्या ठरलेल्या वारी नेऊन, दगडावर धार लावून परत आणून देणारा माणूस मिळाला, तर आम्ही आनंदाने पैसे मोजू. त्यात पोलादाचा खर्च नाही, पैसा दर महिन्याला येतो, आणि ज्याच्या हाताची धार आवडते त्याचीच सुरी माणूस पुढे विकत घेतो.

हिशेब_दादर
कायद्याविषयी थोडक्यात लिहितो. शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी शस्त्रांमध्ये धरली आहे. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. म्हणून बिलावर आणि जाहिरातीत स्वयंपाकघरातील सुरी असेच नमूद करा, आणि खंजिरासारख्या दुधारी वस्तूंच्या ऑर्डर घेऊ नका. सांबरशिंगाच्या मुठीची मागणी आली तर नकार द्या. शिंग जंगलात गळून पडलेले असले तरी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मुळे त्याचा व्यापार करता येत नाही.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आणि विनामूल्य होते, ती आजच करून घ्या. वस्तूंची विक्री वार्षिक ४० लाख रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणीतून सवलत आहे, पण महाराष्ट्राबाहेर माल विकायचा असेल तर ती सवलत सर्वसाधारणपणे मिळत नाही, त्यामुळे बेंगळुरूची पहिली ऑर्डर स्वीकारण्यापूर्वी नोंदणीचा विचार करावा लागेल. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहारकाम आहे, आणि अवजारांसाठी १५,००० रुपये व ५ टक्के व्याजाने कर्ज मिळू शकते. परंतु ती स्वयंरोजगार करणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे नोकरी चालू असताना तिच्यावर विसंबून राहू नका.

भट्टी_लालबाग
सर्वांचे मनापासून आभार. आकार तीनच ठेवतो आणि माहीम-दादर भागात धार लावण्याची फेरी सुरू करतो. गाळ्याचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे.

वालीव_वर्कशॉप
धार लावण्याच्या उत्पन्नातून गाळ्याचे भाडे आणि वीजबिल सलग सहा महिने निघू लागेपर्यंत डोंबिवलीचे अंगण सोडू नका आणि नोकरीही सोडू नका. गाळा बघायला जाल तेव्हा भाड्याच्या आधी विजेचा मंजूर भार विचारा, आणि घासकामाची धूळ बाहेर खेचणारा पंखा बसवण्याची लेखी परवानगी मालकाकडून घ्या. पोलादाची आणि मुठीच्या लाकडाची बारीक धूळ फुप्फुसात जाते, त्यामुळे मास्क आजच्या अंगणातही लावायलाच हवा.