घराभोवतीचे लाईट स्वतः वायरिंग करून बसवावेत का? (कोकणातलं घर, जांभ्याची जमीन)

खळ्यातला (धागाकर्ता):
मंडळी, गुहागर तालुक्यात आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे. आईबाबा आता कायम तिकडेच असतात आणि मी महिना-दीड महिन्याने ठाण्याहून फेरी मारतो. बेड्यापासून (आवाराच्या फाटकापासून) घरापर्यंत साधारण २५ मीटरची पाखाडी (दगडी पायवाट) आहे, मग खळं (पुढचं अंगण), मागे विहीर आणि गोठा, आणि रात्री हे सगळं ठार काळोखात. गेल्या ऑक्टोबरात बाबांच्या पायापासून हातभरावर फुरसं होतं, हातात बॅटरी होती म्हणून दिसलं. तेव्हापासून डोक्यात एकच आहे की बाहेरचे लाईट पक्के झाले पाहिजेत.

आता तुम्ही म्हणाल कोणाला तरी बोलावून करून घे. तेच केलं होतं दोन वर्षांपूर्वी. एका कॉन्ट्रॅक्टरने आठ लाईट लावून दिले, पैसे पूर्ण घेतले, आणि पहिल्याच पावसात निम्मे बंद. गणपतीत गेलो तेव्हा खणून बघितलं तर वीतभर खाली साधी दोन कोअरची फ्लेक्झिबल वायर नुसती मातीत पुरलेली, पाईप नाही काही नाही, मधे तीन जोड आणि जोडाला काळी टेप. एका ठिकाणी वाळवीने वरचं आवरण खाऊन तांबं उघडं पडलेलं, आणि त्याच्यावरून आई रोज अनवाणी तुळशीला पाणी घालायला जायची. अजून अंगावर काटा येतो.

म्हणून या वेळी सगळं मीच करायचं ठरवलंय. तीन कोअरची आर्मर्ड (पोलादी आवरणाची) केबल, अडीच फूट खोल चर, खाली-वर वाळू, वर विटा, जमिनीत एकही जोड नाही, सगळे जोड खांबावरच्या बॉक्समधे, आणि डीबीत (घरातल्या स्विचच्या मुख्य पेटीत) वेगळी ३० मिलीअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत किंवा माणसात गळला की लाईन पाडणारा स्विच. सहा महिने वाचतोय, शिकतोय. माझं मत स्पष्ट आहे, ज्याची माणसं त्या अंगणात फिरणार तो जेवढं मन लावून काम करेल तेवढं दुसरा कोणी करणार नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी का ते जरूर सांगा.

परसदार:
शंभर टक्के सहमत. आमच्याकडे सावंतवाडीला मी २०१९ साली स्वतः केलंय, आजवर एकदा पण ट्रिप नाही. आणि आठ लाईटचा लोड तो किती, ९ वॉटचे एलईडी धरले तरी ७२ वॉट, म्हणजे एक सीलिंग फॅन. एवढ्यासाठी वायरमनच्या मागे महिना महिना फिरायचं, तो आज येतो उद्या येतो करणार, बिनधास्त करा.

जनित्र:
मी परवानाधारक वायरमन आहे, २२ वर्षं हेच काम करतोय. परसदार, तुमचा राग नाही पण "लोड तो किती" हे वाक्य फार घातक आहे. माणूस लोडने मरत नाही. एलईडी ९ वॉटचा असो नाहीतर बोअरचा पंप असो, फेजला २३० व्होल्टच असतात आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून ३० मिलीअँपच्या वर करंट काही क्षण गेला तरी जीवाशी खेळ होतो.

खळ्यातला, तुमचा प्लॅन बऱ्याच जणांपेक्षा चांगला आहे हे आधी कबूल करतो. पण अर्थिंगबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही आणि कोकणात सगळा घोटाळा तिथेच होतो. जांभा पाणी धरत नाही, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडतो. समजा तुमच्या अर्थिंगचा रेझिस्टन्स ५० ओहम आहे आणि लोखंडी खांबाला फेज लागली. २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपियर. तुमची एमसीबी (ठरलेल्यापेक्षा जास्त करंट गेला की पडणारा स्विच) ६ अँपची धरा. ती पडणारच नाही! खांब जिवंत राहणार, लाईट मस्त चालू राहणार आणि घरात कोणाला कळणार पण नाही. लोकांना वाटतं एमसीबी आहे म्हणजे आपण सेफ, पण ती वायर जळू नये म्हणून असते, माणसासाठी नाही. इथे फक्त आरसीसीबी वाचवते.

आणि कायद्याचं बोलायचं तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम आहेत, आधी २०१० चे होते आता २०२३ चे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं एवढं घरच्याने केलं तर चालतं. नवीन लाईन ओढणं, आहे त्या वायरिंगमधे भर घालणं हे परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरकडूनच, प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली. तुमची २५ मीटरची केबल ही भरच आहे.

खळ्यातला:
जनित्र साहेब, अर्थिंगचं गणित डोळे उघडणारं आहे, त्याबद्दल मनापासून आभार. पण कायद्याबद्दल मला विचारायचंय की ज्याने काळी टेप लावून वायर मातीत पुरली तो पण परवानावालाच म्हणून आला होता ना? त्याचं काम बघायला कोण आलं? कोणीच नाही. कागद माझ्याकडे पण आहे त्याचा. आईच्या पायाखाली उघडं तांबं होतं तेव्हा त्या कागदाने काय केलं असतं? मला नियम मोडायची हौस नाही हो, पण नियमाने मिळालेलं काम जर असं असेल तर माझ्यासमोर रस्ता कुठला?

माहेरवाशीण:
मी सहसा अशा धाग्यावर लिहीत नाही पण इथे लिहायलाच हवं. आमच्याकडे दिरांनी असंच स्वतः केलं होतं, हौशी माणूस, हाताला कसब पण आहे. पडवीपासून गोठ्यापर्यंत लाईट न्यायचा होता तर त्यांनी वायर कपडे वाळत घालायच्या जीआय तारेला गुंडाळून नेली, आधार मिळतो म्हणून. तीन वर्षं काही झालं नाही. मग वाऱ्याने घासून घासून वायरचं आवरण एका जागी गेलं आणि जुलै महिन्यात सासूबाई ओलं लुगडं टाकायला गेल्या. त्या तारेला चिकटल्याच. जाऊबाईंनी लाकडी काठीने तार खाली पाडली म्हणून सासूबाई आज आहेत, पण उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. एमसीबी? पडलीच नाही, जनित्र दादा म्हणतात अगदी तसंच. आरसीसीबी नव्हतीच.

दिरांनी आईसाठीच केलं होतं ते. मन लावूनच केलं होतं. म्हणून खळ्यातला दादा, तुमचं "ज्याची माणसं तो मन लावून करतो" हे वाचून मला राहवलं नाही. आज त्या माणसाला स्वतःकडे बघवत नाही. मन लावणं आणि माहीत असणं ह्यात फरक आहे.

परसदार:
ताई, वाईट वाटलं वाचून. पण त्यांनी तार वापरली ही चूक होती, स्वतः केलं ही नाही. कपड्यांच्या तारेवरून वायर तर आमच्या गावात वायरमनने पण टाकलेली मी बघितलीय.

माहेरवाशीण:
चूक होती हे आत्ता कळतं ना. करताना त्यांना ती चूक वाटलीच नव्हती, हेच तर सांगतेय.

एडिसनकर:
मी न्यू जर्सीत असतो, इथला अनुभव टाकतो कारण दोन्ही बाजूंना थोडं थोडं बरोबर वाटतंय. इथे स्वतःच्या राहत्या घरात मालकाला वायरिंग करता येतं, पण आधी टाउनकडून परमिट काढायचं आणि मग इन्स्पेक्टर येऊन बघणार. मी बॅकयार्डचे लाईट असेच केले. महत्त्वाचं म्हणजे चर उघडी असतानाच तो येतो, टेप लावून खोली मोजतो आणि मग म्हणतो बुजवा. साधी जमिनीत पुरायची केबल असेल तर २४ इंच. खणायच्या आधी ८११ नंबरला फोन करावा लागतो, मग गॅसची पाण्याची लाईन कुठून जाते ते येऊन रंगाने आखून देतात. माझा पहिल्या वेळेला एक बॉक्स नापास झाला होता, आठवडाभर चर उघडी ठेवून परत बोलावलं. चिडचिड झाली पण त्याने जे पकडलं ते मला जन्मात कळलं नसतं.

म्हणजे खळ्यातला, तुमचं दुखणं मला वाटतं हे नाही की काम कोणी करायचं. चर बुजवायच्या आधी तिऱ्हाईत माणसाने ते बघितलं का, हे आहे.

खळ्यातला:
हे एकदम मनात घुसलं. चर उघडी असताना कोणीतरी बघणे. आमच्याकडे तेच कोणी केलं नाही.

बारा व्होल्ट:
सगळे २३० वरच का अडलेत? बागेत २३० नेऊच नका. घरात कोरड्या जागी चांगला आयसोलेटेड ड्रायव्हर (२३० चे कमी व्होल्ट करणारा, बाहेरची बाजू २३० पासून पूर्ण वेगळी ठेवणारा डबा) बसवा आणि बाहेर फक्त १२ नाहीतर २४ व्होल्ट न्या. कुदळ लागून केबल तुटली, घुशीने कुरतडली, तरी कोणी मरत नाही. हे स्वतः करायला माझी काहीच हरकत नाही.

फक्त एक लक्षात ठेवा, १२ व्होल्टमधे लांबी मारते. गणित करून दाखवतो. ३० वॉटचे लाईट, १२ व्होल्ट, म्हणजे अडीच अँपियर. दीड स्क्वेअर मिलिमीटरची केबल मीटरला साधारण १२ मिलीओहम, जाऊन येऊन ५० मीटर, म्हणजे ०.६ ओहम. दीड व्होल्ट वाटेतच गेले, १२ टक्क्यांच्या वर, शेवटचे दिवे मलूल. तेच २४ व्होल्ट घ्या, करंट निम्मा, पाऊण व्होल्ट जातो, ३ टक्के. बेड्यापर्यंत २५ मीटर असेल तर २४ च घ्या. सोलरचं कोणी सुचवेल तर कोकणात चार महिने आभाळ आणि वर माडांची सावली, जूनमधे पहिल्या आठवड्यातच मान टाकतात.

परसदार:
२४ व्होल्टचे फिटिंग तालुक्याला मिळतात का? बिघडला तर आईबाबा काय करणार, मुंबईहून कोणी यायची वाट बघणार? २३० चा बल्ब कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो.

बारा व्होल्ट:
हा मुद्दा खरा आहे. मी दोन जादा फिटिंग आणि एक जादा ड्रायव्हर घेऊन कपाटात ठेवतो. आईच्या जिवापुढे तेवढा खर्च काहीच नाही.

जनित्र:
बारा व्होल्ट यांचं मला मान्य आहे आणि माझ्या धंद्याचं नुकसान असलं तरी सांगतो की घरच्याने करायचं तर हेच करावं. पण ड्रायव्हर मात्र मान्यताप्राप्त घ्या, स्वस्तातल्या काहींमधे आत आयसोलेशनच नसतं, मग १२ व्होल्ट हे नुसतं वरचं लेबल.

आणि विहिरीजवळ, गोठ्यात जिथे २३० लागणारच तिथे स्वतः हात घालणाऱ्यांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगतो. कोकणात घरोघरी इन्व्हर्टर आहे. लोक मेन स्विच पाडतात आणि समजतात लाईन मेली. बाहेरचे लाईट बहुतेक इन्व्हर्टरवर असतात, मेन पाडला की इन्व्हर्टर चालू होतो आणि तीच वायर परत जिवंत! आमच्या ओळखीतला शिकलेला माणूस यात पडवीच्या शिडीवरून खाली आलाय. आधी इन्व्हर्टर बंद, मग मेन, मग तपासणी, आणि नुसत्या टेस्टरच्या लुकलुकण्यावर विश्वास ठेवू नका, टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघा की तो तरी जिवंत आहे का.

दुसरं, नवीन आरसीसीबी बसवली आणि सारखी पडायला लागली की लोक ती काढून टाकतात. बहुतेक वेळा कारण असं की बाहेरच्या लाईनचा न्यूट्रल कोणीतरी घरातल्या दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला जोडलेला असतो. तो वेगळा करा, आरसीसीबी काढू नका. तिच्यावर टी लिहिलेलं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायला आईबाबांना शिकवा.

काजवा:
थोडं विषयांतर, पण लाईट लावताच आहात तर पांढरे फटक लावू नका आणि रात्रभर जाळू नका. मे-जूनमधे आमच्याकडे झाडं काजव्यांनी भरायची, शेजारच्या रिसॉर्टने फ्लडलाईट लावल्यापासून त्या बाजूचे गेले. समुद्राला लागून घर असेल तर अजून जपा, कासवाची पिल्लं उजेडाकडे वळतात आणि पाण्याऐवजी गावात शिरतात. पिवळसर, २७०० केल्विनचे, गुडघ्याएवढ्या उंचीचे, खाली तोंड केलेले घ्या. फुरसं दिसायला जमिनीवर उजेड लागतो, माडाच्या शेंड्यावर नाही.

खळ्यातला:
सगळ्यांचं दोनदा वाचलं, माहेरवाशीण ताईंचं तीनदा. माझं मत थोडं हललंय, पूर्ण नाही. असं ठरवतोय: पाखाडी आणि खळं २४ व्होल्टवर, ते सगळं मीच करणार. विहीर आणि गोठा २३० वर, तिथे चर मी खणणार, पाईप मी टाकणार, केबल माझ्या पसंतीची मी आणणार, पण जोडणी, अर्थिंग आणि डीबी परवान्याचा माणूस करणार आणि चर तोपर्यंत उघडी राहणार. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवणार. काम दुसऱ्यावर सोडून ठाण्याला निघून जायचं हे मात्र मी परत करणार नाही, त्या बाबतीत माझं पहिलं मत तसंच आहे.

परसदार:
मला अजूनही वाटतं तुम्ही विनाकारण घाबरलात. तुमचा प्लॅन पहिल्यापासून चांगला होता, नीट वाचून करणाऱ्या माणसाला सगळं जमतं.

जनित्र:
परसदार, तुमच्या २०१९ च्या लाईनला एकदा पण ट्रिप नाही म्हणालात. त्या लाईनवर आरसीसीबी आहे का? आणि असेल तर टी बटण शेवटचं कधी दाबलंत?

परसदार:
एमसीबी आहे. आरसीसीबी नाही. शनिवारी गावी जातोय, कुठल्या रेटिंगची घेऊ ते सांगा.

जनित्र:
दोन पोलची, २५ अँप, ३० मिलीअँप. पण विकत घ्यायच्या आधी तुमच्या अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता आणि तुमच्याकडच्या कोणा वायरमनला मेगर (वायरचं आवरण शाबूत आहे का ते मोजायचं मीटर) घेऊन बोलवा. बाहेरच्या केबलचं रीडिंग एक मेगाओहमच्या खाली आलं तर केबलच बदलायची, वर आरसीसीबी लावून भागणार नाही. खळ्यातला, तुमच्या चरीसाठी मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरका, वळीव पडायला लागला की चरीत पाणी भरतं आणि मग कोणीही आला तरी घाईत बुजवतो.