झोपलेल्या पोराला तापाच्या औषधासाठी उठवावं का?

रात्रपाळी: लेक साडेतीन वर्षांची. परवा रात्री दोनला काखेत १०१.४. गाढ झोपलेली, श्वास नीट. नवरा म्हणाला, आठच्या डोसला सहा तास झाले, पाज. मी म्हटलं, झोपू दे. त्याने नवी बाटली फोडून उठवलंच! तिने निम्मं उशीवर, निम्मं माझ्या गाऊनवर थुंकलं आणि चारपर्यंत भोकाड. माझं मत स्पष्ट आहे: पोराकडे बघा, थर्मामीटरकडे नको.

निळूमामा: मी उठवतो. भाच्याला चौदाव्या महिन्यात तापात आकडी आली होती. डोळे फिरलेले, दातखीळ बसलेली. तेव्हापासून आमच्याकडे "झोपू दे" कोणी म्हणत नाही.

सिस्टर_ताई: मुलांच्या वॉर्डात अकरा वर्षं काढलीत. मामा, तापातली आकडी साधारण ६ महिने ते ५ वर्षं या वयात येते, पण पॅरासिटामॉल वेळेवर पाजलं म्हणून ती टळत नाही. औषध पोराला बरं वाटावं म्हणून द्यायचं. शांत झोपलंय तर बरंच वाटतंय की! ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र १००.४ दिसला की तडक दवाखाना, रात्रीचे दोन असले तरी. आणि डोस वयावर नाही, वजनावर: किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत. ५ मिलीत १२० आहे की २५०, हे बाटलीवर वाचा. घोळ तिथेच होतो.

निळूमामा: टळत नाही हे आमच्या डॉक्टरांनीही सांगितलंय. पण हातावर हात ठेवून बसवत नाही हो.

माईआजी: मग पाय चेपा त्याचे. पेज भरवा. गोधडीत गुंडाळू नका, बर्फाच्या पट्ट्या नकोत, हुडहुडी भरते. आमच्या सासूबाई मीठमोहऱ्या ओवाळायच्या. ताप हलायचा नाही, पण मोहऱ्या तडतडल्या की पोर खुदकन हसायचं.

निळूमामा: माई, आकडी बघितली असतीत तर मोहऱ्या आठवल्या नसत्या.

माईआजी: बघितलीय. धाकट्याला. कुशीवर वळवून बसले होते, तोंडात काही घातलं नाही.

रात्रपाळी: ताई, आत्ता बाटली बघितली. जुनी १२० ची होती, ही २५० ची! वजन १४ किलो आणि नवऱ्याने जुन्याच मापाने साडेआठ मिली ओतलं होतं.

सिस्टर_ताई: म्हणजे दुप्पट. थुंकली ते बरं झालं.