जुनी एस-क्लास रात्रीतून पुढून बसते

प्रश्न: मर्सिडीज एस-क्लास, डब्ल्यू२२० मॉडेल, एअरमॅटिक (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर चालणारं) सस्पेन्शन. रात्रभर उभी राहिली की सकाळी पुढची डावी बाजू बसलेली असते, सुरू केल्यावर वर येते. हवा भरणारा कॉम्प्रेसर बदलायचा का?

उत्तर: आधी गळती शोधा. गाडी वर येतेय म्हणजे कॉम्प्रेसर अजून चालतोय. स्ट्रटच्या (चाकाजवळचा, हवेचा फुगा असलेला खांब) वरच्या टोकाला हवेची नळी बसते, तिथे साबणाचं पाणी मारा. मग रबरी फुग्याच्या घडीवर. बारीक बुडबुडे उठायला कधी पाच मिनिटंही लागतात, घाई करू नका. जोडणीतून गळत असेल तर थोडक्यात सुटाल. घडीला चिरा पडल्या असतील तर स्ट्रटच बदलावा लागेल.

उत्तर: हे लांबवू नका मात्र. गळती भरून काढताना कॉम्प्रेसर सारखा चालतो, तापतो आणि शेवटी जळतो. रिलेही (कॉम्प्रेसरची वीज चालू-बंद करणारा स्विच) सोबत बदला. त्यातले पॉइंट चिकटले तर कॉम्प्रेसर बंदच होत नाही.

उत्तर: नव्या स्ट्रटमध्ये हवा भरल्याशिवाय गाडीचं वजन चाकांवर सोडू नका, रिकामा फुगा दुमडून फाटतो. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, स्टँड लावाच.