‘पाच वर्षांत पीसी बदलायचाच असतो’ म्हणणाऱ्यांसाठी

खारा_वारा (धागाकर्ता):
परवा इथेच एका पुण्याच्या सद्गृहस्थांनी लिहिलं की विंडोज 10 चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेच्या फुकट दुरुस्त्या, संपला म्हणून रडणारे आयटीवाले आळशी आहेत, पीसी पाच वर्षांत बदलायचाच असतो. तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण डोकं फिरलंय, म्हणून वेगळा धागा.

मी गुहागर-चिपळूण पट्ट्यात पतसंस्था, एक हायस्कूल आणि एका आंबेवाल्याची पेढी यांची मशीनं सांभाळतो. बहुतेकांत इंटेलचा सातव्या जनरेशनचा आय-5 प्रोसेसर. एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाकल्यापासून पळतायत. पावसाळ्यात एखादं उठत नाही, तेव्हा रॅम काढायची, तिचे पिवळे पाय खोडरबरने घासायचे, परत दाबून बसवायची, की बीप देऊन चालू. खाऱ्या हवेला पुरून उरलेलं यंत्र 14 ऑक्टोबर 2025 ला भंगारात निघालं. का, तर विंडोज 11 ला आठवी जनरेशन आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप पाहिजे. ऑफिस 2016 आणि 2019 चाही सपोर्ट त्याच दिवशी संपवला. संस्थांना मुदतवाढ हवी असेल तर पहिल्या वर्षी मशीनमागे 61 डॉलर, पुढच्या वर्षी दुप्पट, मग त्याच्याही दुप्पट. सावकार बरा.

नवीन घेऊन तरी सुख आहे का? विंडोज 11 होम पहिल्यांदा चालू करताना नेट आणि मायक्रोसॉफ्टचं अकाउंट मागतं. जुलैत आमच्याकडे फायबर कुठल्या तरी दरडीखाली असते. अध्यक्ष मागे उभे, नवा लॅपटॉप टेबलावर, आणि स्क्रीन म्हणते ‘नेटवर्कला जोडा’. घ्या!

डेक्कनचा_खवट:
तो सद्गृहस्थ मीच. शब्द मागे घेत नाही. मे 2017 चं वॉनाक्राय विसरलात, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं? त्यावरची दुरुस्ती, पॅच, मार्चमध्येच आला होता. ज्यांनी टाकला नाही ते बुडाले. तुमच्या पतसंस्थेत म्हाताऱ्यांची आयुष्यभराची पुंजी आहे आणि तुम्ही खोडरबराच्या गोष्टी सांगताय. अध्यक्षांच्या केबिनला एसी बसवायला पैसे निघतात ना?

पेंग्विनप्रेमी:
दोघेही गुलामच. विंडोजच्या जागी मिंट हे फुकटचं लिनक्स टाका, ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस टाका, तीच सातवी जनरेशन अजून कित्येक वर्षं चालेल. केरळच्या सरकारी शाळा कधीपासून लिनक्सवर आहेत. तिथे पाऊस पडत नाही वाटतं?

टॅलीवाली:
आले! दादा, हिशेबाचं टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं वाइन-बिइन नका सांगू. मार्चअखेरीला माझं डोकं ठिकाणावर नसतं, त्यात तुमचे प्रयोग नकोत. आणि केरळ सांगता तर जर्मनीचं म्युनिकही सांगा. एवढं गाजावाजा करून लिनक्सवर गेलेली पालिका, 2017 मध्ये परत विंडोजवर यायचं ठरवलं.

पेंग्विनप्रेमी:
म्युनिकचं राजकारण होतं ताई. तांत्रिक कारण नव्हतं.

टॅलीवाली:
पतसंस्थेत राजकारण नसतं असं वाटतं का तुम्हाला?

देवरुखचा_चाकरमानी:
विंडोज-लिनक्स गेलं उडत, मला एक्सेलवर बोलायचंय. आमच्या भावकीच्या जमिनींची यादी एका कार्यालयातून एक्सेलमध्ये आली. सर्व्हे नंबर 14, हिस्सा 2, म्हणजे 14/2. तिथे छापून आलंय 14-Feb. आमच्या आज्याची जमीन व्हॅलेंटाइनला आंदण! कॉलम टेक्स्ट केला तर 45702. हा कुठला गट?

डेक्कनचा_खवट:
तो तारखेचा अनुक्रमांक, 1900 पासून मोजतात. सेल आधी टेक्स्ट करायचा, मग टाइप करायचं. पहिल्या दिवशी शिकवतात हे.

देवरुखचा_चाकरमानी:
अहो टाइप मी केलं नाही! भरलं तिसऱ्याने, त्याची सीएसव्ही, म्हणजे नुसत्या मजकुराची फाइल, केली चौथ्याने, माझ्याकडे आली तेव्हा तारीख होऊनच आली. आणि सीएसव्हीत तुमचं ते टेक्स्ट राहत नाही. 45/2 नीट आलाय, कारण 45 तारीख नसते. म्हणजे मोठे नंबर सुखी आणि आम्ही चौदावाले मेलो. जगभरच्या शास्त्रज्ञांना 2020 मध्ये या एक्सेलपायी जनुकांची नावं बदलावी लागली, मार्च-1 नावाच्या जनुकाचं मार्चएफ-1 केलं. मी आज्याची जमीन बदलू?

कुडाळकर_बाबलो:
अरे मेल्यांनो, हय लाइटच नाय आणि तुमी फेब्रुवारी घेवन बसलात. चाकरमान्या, 14/2 वर फणस आसा काय तुमचो? आमच्या हिश्श्यात चुलत्यान कुंपण घातल्यान ता खयच्या सॉफ्टवेअरान काढूचा?

पेंग्विनप्रेमी:
लिब्रेऑफिसचं कॅल्क वापरा.

टॅलीवाली:
कॅल्कही 14/2 ची तारीखच करतं. आत्ता करून बघितलं.

पेंग्विनप्रेमी:
…हो. पण तिथे ऑप्शनमध्ये तारखेचे साचे दिसतात. डी/एम, म्हणजे दिवस/महिना, काढून टाकायचा, मग करत नाही.

टॅलीवाली:
म्हणजे करतं.

देवरुखचा_चाकरमानी:
बाबल्या, फणस आहे आणि कुंपणही आहे. वेगळा धागा काढू.

खारा_वारा:
माझ्या धाग्यावर तुमची भावकी मिटली असेल तर बोलतो.

खवटसाहेब, वॉनाक्रायचा मुद्दा बिनतोड आहे, शाल-श्रीफळ पाठवतो. सपोर्ट नसलेलं मशीन काउंटरला ठेवू नये हे मलाही कळतं, काउंटरची मी बदलणारच आहे. राग त्याचा नाही. हार्डवेअर ठणठणीत असताना ते कधी मेलं हे दुसऱ्याने ठरवायचं, याचा आहे. आणि केबिनच्या एसीचं म्हणाल तर तो ठराव माझ्या हातात असता तर हा धागाच निघाला नसता.

पेंग्विनप्रेमी, हायस्कूलच्या लॅबमध्ये मिंट टाकायला मी तयार आहे. मुलं तक्रार करत नाहीत, शिक्षक करतात. पण पतसंस्थेचं सॉफ्टवेअर ज्याने लिहिलं तो फोन उचलत नाही आणि ते फक्त विंडोजवर चालतं. वर पासबुक प्रिंटर. ड्रायव्हर जरा इकडचा तिकडे झाला की शिल्लक खालच्या ओळीवर जाते आणि आजी काउंटरवर ओरडतात, ‘माझे पैसे खाली का गेले?’ तो प्रिंटर लिनक्सवर एकही ओळ न सरकता चालवून दाखव, अख्खी शाखा तुझ्या ताब्यात देतो. एसटीचं तिकीट माझ्याकडून.

पेंग्विनप्रेमी:
प्रिंटरचा मॉडेल नंबर टाक.

टॅलीवाली:
नंबरात स्लॅश असेल तर जपून.