मदत हवी आहे : पाऊस वाढला की गुहेतली ठिबक बंद पडते??

ठिपकेमोजणी :
लोकहो, जरा अर्जंट आहे. गुहेत दोन जागी ड्रिप लॉगर (छतातून पडणारे थेंब मोजून नोंदवणारं यंत्र) लावलेत, अ आणि ब. ब शहाण्यासारखा वागतो, पाऊस झाला की काही दिवसांनी थेंब वाढतात. अ ने मात्र डोकं फिरवलंय. पावसात आकडा झकास चढत जातो आणि मग ऐन भरात शून्य. कमी नाही, शून्यच! पंधरा दिवसांनी मी सँपल घ्यायला गेलो की त्या दिवसापासून पुन्हा चालू. बॅटरी बदलली, लॉगर बदलला, तेच. शिवाय अ चं ईसी (पाण्याची वीजवाहकता, क्षार किती विरघळलेत त्याचा अंदाज) कमी येतंय, म्हणजे ताजं पावसाचं पाणी भसकन खाली येतंय ना? भूजल किती भरलं त्याचा रिपोर्ट या आठवड्यात द्यायचाय, प्लीज.

चुनाभट्टी :
खडक कोणता? चुनखडी का बेसाल्ट? लॉगर कसला, थेंबाच्या आपटण्यावर मोजणारा का? मोजणी किती मिनिटांनी? छत किती उंच? काहीच लिहिलं नाहीयेस.

ठिपकेमोजणी :
चुनखडीच अर्थात, बेसाल्टमध्ये कोण कशाला बसेल. आपटण्यावरचा, पंधरा मिनिटांनी. छत चार-पाच मीटर.

वारा_पडला :
हवेचा दाब! पावसाळी हवेत दाब पडतो आणि त्याने ठिबकीचा वेग बदलतो, आम्ही एका गुहेत हेच बघितलंय. बॅरोमीटर लाव, बाकी काही करू नकोस.

चुनाभट्टी :
अहो दाबाने वेग थोडा हलेल, शून्यावर कसा येईल? आणि दाब काय फक्त अ च्याच डोक्यावर पडतो का, ब ला का नाही कळत?

वारा_पडला :
प्रत्येक ठिबकीची वाट वेगळी असते. तुम्ही सगळं एका फटक्यात उडवून लावता.

स्लॅबगळती :
आमच्या वरच्या खोलीचा स्लॅब पाऊस थांबल्यावर चार दिवसांनी गळायला लागतो. वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो पाईप फुटलाय. हा लॉगर स्लॅबखाली चालेल का?

मुशाफिर७ :
गुहेवरून आठवलं, मेघालयातल्या मॉम्लूह गुहेतल्या ऊर्ध्वमुखी लवणस्तंभावरून (ठिबकीने जमिनीवरून वर वाढत गेलेला चुन्याचा खांब) सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीचा कोरडा काळ ओळखला आणि २०१८ साली चालू भूवैज्ञानिक काळाला मेघालयन नाव मिळालं. एवढंसं ठिबकणं आणि केवढा इतिहास!

चुनाभट्टी :
छान, पण धागा लॉगरचा आहे. ठिपकेमोजणी, सँपल कुठून घेतोस? थेंब थेट बाटलीत?

ठिपकेमोजणी :
ब ला थेट बाटलीत. अ ला जागा अडचणीची, दगड उतरता, म्हणून लॉगर बादलीत ठेवलाय, पाणी तिथेच जमतं आणि मी पंधरा दिवसांनी ते भरून आणतो. त्याचा काय संबंध?

ओलीमाती :
😂😂 म्हणजे इथे खरोखरच पाणी मुरतंय.

चुनाभट्टी :
अरे बाबा! पाऊस वाढतो, बादली लवकर भरते, लॉगर बुडतो. थेंब झाकणावर न आपटता पाण्यात पडतात, मोजणार काय? तू बादली रिकामी करतोस म्हणून तू गेल्यावर चालू. बादलीच्या आत पांढरी रेघ दिसते का?

ठिपकेमोजणी :
हो, कडेला पापुद्र्यासारखी. नखाने निघते. साबण वाटला मला.

चुनाभट्टी :
साबण नाही, कॅल्साईट, म्हणजे चुनखडी ज्याची बनते तेच खनिज. पाणी छतातून येतं तेव्हा त्यात गुहेच्या हवेपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तो उडाला की पीएच चढतो, कॅल्शियम खाली बसतं, ईसी उतरतं. तुझं ‘ताजं पाणी’ ते हेच. मॅग्नेशियम-कॅल्शियमचं गुणोत्तर काढलंस तर ते चढलेलं येईल, एरवी ती कोरड्या काळाची खूण मानतात, आणि तू भर पावसाळ्यात दुष्काळ वाचशील. पीएच, ईसी जागेवरच, पडत्या थेंबांवर घ्यायचं. आयसोटोपची (पाण्यातल्या जड-हलक्या अणूंचं प्रमाण तपासायची) बाटली तोंडापर्यंत भरायची, आत हवा नको.

ओलीमाती :
ब बद्दल कोणीच बोलत नाहीये. थेंब वाढले म्हणजे तोच पाऊस खाली आला असं लिहू नकोस हं. नवीन पाणी वरून रेटतं आणि भेगांत साठलेलं जुनं पाणी आधी खाली येतं. पहिले पाऊस तर मातीच पिऊन टाकते, तिची तहान भागल्याशिवाय खडकात फारसं उतरत नाही. भूजल किती भरलं ते सांगायचंय ना, मग कुठल्या पावसाने आकडा हललाच नाही तेही लिही. आयसोटोप वर्षभर सपाट आले तर वरती पाण्याची चांगली सरमिसळ होतेय.

वारा_पडला :
ब ला तरी बॅरोमीटर लावा.

ठिपकेमोजणी :
बॅरोमीटर आहे हो, लॉगरमध्येच. चुनाभट्टी, मग अ चा सगळा डेटा फेकू? सहा महिने गेले राव.

चुनाभट्टी :
पीएच, ईसी, कॅल्शियम फेक. आयसोटोपवर भरवसा नको, पाणी पंधरा दिवस उघडं होतं. थेंबांचे आकडे शून्याच्या आधीपर्यंतचे ठेव, आणि ‘शून्य’च्या जागी रिकामं सोड, शून्य लिहू नकोस. उलट एक फायदा आहे. रिकाम्या बादलीपासून लॉगर बुडेपर्यंत किती थेंब ते तुझ्याकडे नोंदलेलं आहे. तेवढ्यात किती पाणी मावतं ते मोज, भागाकार कर, थेंबाचं सरासरी आकारमान मिळालं.

ठिपकेमोजणी :
बादली वर रुंद, खाली निमुळती आहे पण. सूत्र कुठलं लावू?

चुनाभट्टी :
सूत्र कशाला, लॉगर आत ठेव आणि मापाने पाणी ओत.