फ्युचर्स ब्रोकरचं लायसन्स काढायचंय, सोलापुरात बसून जमेल का?

टॉवेलवाला_अकाउंटंट:
नमस्कार मंडळी. बी.कॉम. झालंय, दोन वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतोय. मामा मार्केट यार्डात तुरीचे अडते, त्यांच्या गाळ्यावर बसून भावाची आणि फ्युचर्सची, म्हणजे आज भाव ठरवून पुढच्या तारखेला पुऱ्या होणाऱ्या सौद्यांची, गोडी लागली. एक क्लासवाला म्हणतो, ४० हजार भर, लायसन्स हातात देतो. खरं का? मामांकडं येणारे शे-दोनशे शेतकरी क्लायंट होतील असा माझा हिशेब आहे. नोकरी सोडू का?

बॅकऑफिस_काका:
सोडू नका, आधी ऐका. लायसन्स तुमच्या नावावर नसतंच. सेबीची, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी ब्रोकर कंपनीची असते. तुमच्यापुढं वाटा दोनच. एक, ब्रोकरकडं डीलर म्हणून टर्मिनलवर, म्हणजे क्लायंटच्या ऑर्डरी टाकायच्या कॉम्प्युटरवर, बसायचं. दुसरी, त्याचा ऑथोराइज्ड पर्सन (एपी) व्हायचं, म्हणजे त्याला क्लायंट आणून द्यायचे आणि कमिशन घ्यायचं. पूर्वी सब-ब्रोकर म्हणायचे, तो प्रकार २०१९ ला बंद झाला. एपीला दहावी पास चालतं, पण क्लायंटचा एक रुपयाही स्वतःच्या खात्यात घेता येत नाही.

टर्मिनलसाठी एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची परीक्षा लागते. इक्विटी डेरिव्हेटिव्हला, म्हणजे शेअरवरच्या फ्युचर-ऑप्शनला, सिरीज ८; कमोडिटीला, म्हणजे सोनं, क्रूड, धान्य असल्या मालाच्या सौद्यांना, १६. आठव्या सिरीजला १०० मार्क, २ तास, पासिंग ६०, चुकलं की पाव मार्क कापतात. फी दीड हजाराच्या घरात. पुस्तक वाचून महिन्यात होते. ते ४० हजार गड्ड्याच्या जत्रेत उडवलेत तरी जास्त मजा येईल.

आता मामांचे शेतकरी. तुरीचं फ्युचर २००७ पासून बंद. कांद्याचं नाहीच. हरभरा, सोयाबीनवर २०२१ मध्ये बंदी आली. मग त्या माणसाला विकणार काय, क्रूड (कच्चं तेल)? त्यापेक्षा सराफ कट्ट्यावर जा. ज्याच्याकडं खरंच सोनं पडून असतं त्याला गोल्ड मिनी, म्हणजे १०० ग्रॅमचा लॉट (एका सौद्याचं माप), हेजिंगला, म्हणजे भाव पडला तर होणाऱ्या तोट्यापासून वाचायला, कामाचा आहे.

टॉवेलवाला_अकाउंटंट:
काका, डोळे उघडले. पण डीलरला पगार कमी असं ऐकलंय, म्हणून एपीच बरं वाटतंय. कमिशन तरी आपलं.

नवीपेठ_डीलर:
कमिशनचाच हिशेब मांड की भावा. ऑर्डरला २० रुपये घेणारे ब्रोकर आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेत. तूही तेवढंच घेतलंस आणि निम्मं शेअरिंग मिळालं, तर हातात १० रुपये. महिन्याला २० हजार हवेत तर २००० ऑर्डरी, म्हणजे दिवसाला नव्वदेक. त्या येणार कुठून? क्लायंटला सकाळ-संध्याकाळ फोन करून 'घ्या, विका' म्हणण्यातून. सेबीनंच २०२४ ला आकडा दिलाय, तीन वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर-ऑप्शनमधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात. ती माणसं उद्या तुझ्याच गल्लीत भेटणार.

मी एपी होतो. २० एप्रिल २०२०, लॉकडाऊनमुळं एमसीएक्स, म्हणजे कमोडिटीचं एक्सचेंज, संध्याकाळी पाचलाच बंद. क्रूडची एक्सपायरी, म्हणजे सौदा संपायचा दिवस. एका क्लायंटनं हजाराच्या आसपास एक लॉट घेतला होता, "याच्या खाली कुठं जाणार" म्हणत. मीही होकार दिला, हे कबूल करतो. रात्री अमेरिकेत भाव शून्याखाली गेला आणि इथं सेटलमेंट, म्हणजे शेवटचा हिशेब, झालं उणे २,८८४ ला. लॉट १०० बॅरलचा, म्हणजे त्याचे ३ लाख ८८ हजार गेले. सकाळी सात वाजता तो दारात, चप्पल न काढता उभा. ओरडला नाही. "मार्जिन तर चाळीस हजारच भरलं होतं की ओ," एवढंच म्हणत राहिला. मार्जिन म्हणजे सौद्याआधी भरायची अनामत. उरलेली वसुली ब्रोकरनं माझ्या डिपॉझिटमधून केली, करारात तसं कलम होतं. मी ते वाचलंच नव्हतं.

बॅकऑफिस_काका:
म्हणून वर्षभर डीलर व्हा. आरएमएसवाला (ब्रोकरकडं जोखीम सांभाळणारा) क्लायंटची पोझिशन, म्हणजे चालू सौदा, का कापतो, एम टू एम, म्हणजे त्या दिवसाच्या भावानं होणारा नफा-तोटा, रोज कसं वळतं होतं, हे पगार घेऊन शिकाल. आणि यार्डात कुणी 'टर्मिनल नको, वहीवरच सौदा लावू' म्हणालं तर उठून चालू लागा. तो डब्बा, म्हणजे एक्सचेंजबाहेरचा चोरटा सौदा. गुन्हा आहे.

टॉवेलवाला_अकाउंटंट:
क्लासवाल्याला नकार कळवला. सोळाव्या सिरीजचा फॉर्म या रविवारी भरतो. एमसीएक्स रात्री साडेअकरापर्यंत चालतं, तर संध्याकाळच्या शिफ्टला कुणी घेतं का हो इथं? कारखाना सहाला सुटतो.

नवीपेठ_डीलर:
घेतात. रात्री बसायला माणूसच मिळत नाही त्यांना. खासगी निरोप पाठवतो.